टेफची चाळण आणि चाकणचा कांदा

इथिओपियात शेतजमीन विकता येत नाही. ती सरकारची आणि जनतेची, शेतकऱ्याला फक्त कसायचा हक्क. हे मला भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून कळलं. माझं घर निघोजे गावात, चाकणच्या औद्योगिक वसाहतीला अगदी लागून. जमीन जाणं, जमिनीचे पैसे येणं, त्यातून बंगला उठणं आणि मग भावाभावांत कोर्टकचेरी लागणं, हे बघतच मी मोठी झाले. त्यामुळे जमीन विकताच येत नाही असा देश असतो, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

मी ज्या कारखान्यात काम करते तो लहान आहे. गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे भाग करणं हा मुख्य धंदा आणि जोडीला धान्याची सफाई-प्रतवारी करणारी यंत्रं. वर हॉपर, मध्ये हलणाऱ्या दोन-तीन चाळण्या, बाजूला भुसा उडवणारा ब्लोअर, एवढंच ते यंत्र. डिप्लोमा करून मी कॉस्टिंगला लागले होते. गाड्यांच्या ऑर्डरी वर्षभर खालीवर होतात, म्हणून साहेबांनी यंत्रांची निर्यात करायचं मनावर घेतलं आणि परदेशी पत्रव्यवहाराचं काम माझ्याकडे आलं. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी इथिओपियातल्या पूर्व शेवा भागातून एका शेतकरी सहकारी संघाची चौकशी आली. टेफ, म्हणजे तिथलं बारीक दाण्याचं धान्य, आणि गहू साफ करणारी यंत्रं हवीत, दर कळवा.

पत्रावर तारीख होती गिनबोत २०, २०१६.

आठ वर्षांपूर्वीचं पत्र आता का पाठवलं असेल, याचा मी बराच वेळ विचार करत बसले. मग शोधलं तेव्हा कळलं की तिथलं पंचांगच वेगळं. वर्षाचे महिने तेरा, वर्ष आपल्या सप्टेंबरात सुरू होतं आणि साल इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. गिनबोत २०, २०१६ म्हणजे आपली २८ मे २०२४. घड्याळाचीही तीच गत. तिथे सकाळी सहाला दिवसाचे तास मोजायला लागतात, त्यामुळे संघाच्या व्यवस्थापकांनी ‘तीन वाजता फोन करा’ लिहिलं की ते आपल्या हिशेबाने तिथले सकाळचे नऊ आणि भोसरीत साडेअकरा. मी टेबलावर काचेखाली एक तक्ताच करून ठेवला. आकडे मात्र ओळखीचे निघाले. धान्य तिथेही क्विंटलमध्ये मोजतात, आणि कितीतरी अनोळखी शब्दांच्या गर्दीत तो एक शब्द दिसला तेव्हा मला खरंच धीर आला.

साहेबांची पद्धत साधी आहे. माल कोण वापरणार, पैसे कोण देणार आणि कुठून देणार, हे कळल्याशिवाय दर द्यायचा नाही. ‘आधी तो देश वाच,’ ते म्हणाले. मी वाचायला घेतलं आणि आठवडाभर नुसती बुडत राहिले. ‘कृषिविकासातून औद्योगिकीकरण’ हे तिथलं नव्वदच्या दशकापासूनचं धोरण. त्यानंतर २०१० पासून पाच-पाच वर्षांच्या ‘वाढ आणि परिवर्तन’ योजना, एकामागून एक दोन. त्यानंतर दहा वर्षांची योजना, २०३० पर्यंतची. शेतीच्या परिवर्तनासाठी २०१० मध्ये काढलेली स्वतंत्र संस्था. शिवाय जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक, संयुक्त राष्ट्रांच्या निरनिराळ्या शाखा, प्रत्येकीचे अहवाल आणि प्रत्येक अहवालात त्याच गोष्टीला वेगळं नाव. देशात बारा कोटींहून जास्त माणसं, बहुतेक खेड्यांत राहणारी, दर कुटुंबाकडे सरासरी हेक्टरभर किंवा त्याहून कमी रान. २०१५-१६ च्या कृषी गणनेत आपल्या महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर होती. म्हणजे फार लांबची गोष्ट नव्हे. तरीही अहवालांत जे शब्द होते, मूल्यसाखळी, गुंतवणूकस्नेही वातावरण, उत्पादकता वाढ, त्यांतून मला एक माणूस दिसेना.

दिसायला लागला तो पुण्यात पीएचडी करणाऱ्या एका इथिओपियन विद्यार्थ्यामुळे. ओळखीतून ओळख निघाली आणि एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले. शिमल्यासारख्या थंड डोंगरी गावातून आलेले, शांत, आणि मराठी ‘बस बस’ एवढंच बोलता येणारे. माझ्या वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘यांच्याकडे सातबारा कोणाच्या नावावर असतो?’ मी भाषांतर केलं. ते हसले नाहीत, नीट समजावून सांगू लागले.

१९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले आणि १९७५ मध्ये लष्करी राजवटीने सगळी ग्रामीण जमीन राष्ट्राच्या मालकीची केली. त्याआधी देशाच्या दक्षिण भागात कुळं जमीनदाराला पिकाचा मोठा वाटा देत होती, म्हणून ‘कसेल त्याची जमीन’ ही तिथल्या विद्यार्थ्यांची घोषणा होती. लष्करी राजवट गेली, १९९५ ची राज्यघटना आली, पण जमीन विकता येणार नाही हे कलम राहिलं. पुढे तिथे जमिनीच्या हक्काचं प्रमाणपत्र द्यायला लागले, लहानशा पासबुकासारखं, आणि कित्येक प्रांतांत त्यावर नवरा आणि बायको दोघांचीही नावं लागतात. अम्हारा प्रांतात तर दोघांचे फोटोही.

हे ऐकून आईने भाकरी थापायची थांबवली. आमच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून शेतकऱ्यांना हात जोडले होते, गावोगाव कित्येकांनी ते केलंही. आमच्या घरी ते राहून गेलं. आई म्हणाली, ‘तिकडची बाई बरी म्हणायची.’ पाहुणे म्हणाले, ‘नाव असतं, पण सरकारला जमीन हवी झाली तर नाव दोघांचंही जातं.’ हे वाक्य मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

कारण हे त्यांना सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे ‘बत्तीस-दोन’ हा शब्द शेंबडं पोरही ओळखतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चं ते कलम, त्याखाली नोटीस येते, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत शेरा पडतो आणि मग ती जमीन आपल्या नावावर असून आपली राहत नाही. आमच्या रानातलं बरंचसं असंच वसाहतीसाठी गेलं. मोबदला मिळाला, त्यातून घर झालं, मी शिकले. राहिलेल्या दीड एकरात बाबा अजून कांदा करतात. तिथे मालकी राष्ट्राची, इथे मालकी आपली. आणि तरीही कारखाना यायचा ठरला की दोन्हीकडे शेतकरी सारख्याच जागी उभा असतो, हे त्या जेवणाच्या ताटावर मला पहिल्यांदा लख्ख कळलं. फरक एवढाच पडतो की इथे भाव करता येतो, कोर्टात जाता येतं, रस्ता अडवता येतो. आणि हा ‘एवढाच’ फार मोठा आहे.

मग मी पुन्हा अहवालांकडे वळले, आणि आता ते वेगळे दिसू लागले.

आमच्या चौकशीच्या मुळाशी जी योजना होती तिचं नाव एकात्मिक कृषी-औद्योगिक पार्क. पहिल्या टप्प्यात असे चार, ओरोमियात बुलबुला, सिदामात यिर्गालेम, अम्हारात बुरे आणि तिग्रायमध्ये बाएकर. कल्पना अशी की मध्यभागी प्रक्रिया कारखाने, शीतगृहं आणि तपासणीच्या प्रयोगशाळा असलेला पार्क, आणि त्याच्या भोवती साधारण शंभर किलोमीटरच्या परिघात ग्रामीण परिवर्तन केंद्रं. शेतकऱ्याने माल केंद्रावर आणायचा, तिथे तो साफ होऊन, निवडून, पोत्यात भरून पार्कात जायचा. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेचा त्यात हात आहे. बुलबुला आणि यिर्गालेमचे पार्क २०२१ मध्ये सुरू झाले. यिर्गालेमला अ‍ॅव्होकाडोचं तेल निघतं, त्या बाजूला कॉफी, दूध, मध. आणि या पार्कांचा व्यवहार्यता अभ्यास कुणी केला, तर महिंद्रा कन्सल्टिंग इंजिनिअर्स या चेन्नईच्या कंपनीने. महिंद्राचा गाड्यांचा कारखाना आमच्या निघोजेच्या माळावर आहे, कामाला जाताना रोज त्याच्या भिंतीलगत माझी बस जाते. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या कंपनीचे इंजिनिअर कुठे बुलबुलाला गहू आणि टोमॅटो मोजत होते, हे वाचून मला आपल्या जगाचा आकारच नव्याने लक्षात आला.

शंभर किलोमीटर म्हणजे किती, हे कळावं म्हणून मी नकाशावर चाकणला कंपासचं टोक ठेवून वर्तुळ काढलं. उत्तरेला संगमनेर आत येतं, पश्चिमेला पनवेल, आग्नेयेला बारामतीची शीव. या एका वर्तुळात जुन्नरचा टोमॅटो, आंबेगावचा बटाटा, शिरूरचा ऊस, मावळातला इंद्रायणी तांदूळ आणि तळेगावच्या पॉलिहाउसमधला गुलाब, सगळं येतं. इतक्या वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा माल एका कुंपणाकडे वळवायचा, तर मधल्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी भाव ठरवणार. कोण? अहवालात रस्त्यांची रुंदी होती, सांडपाण्याचे लिटर होते. भाव ठरवताना शेतकरी कुठे बसणार, हे शोधायला मला पानंच्या पानं उलटावी लागली.

हाच प्रश्न मी साहेबांना विचारला. ते मूळचे राहुरी तालुक्यातले. ते म्हणाले, ‘आमच्याकडे याचं उत्तर प्रवरेला शोधलं होतं.’ मग त्यांनी सांगितलं ते मी नंतर वाचूनही घेतलं. विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने गावोगाव फिरून शेअरचे पैसे गोळा केले आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तिथल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेला ऊस गाळला गेला. ऊस पिकवणाराच कारखान्याचा भागधारक. हेच गाडगीळ पुढे १९६७ मध्ये देशाच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. आणि योगायोग बघा, इथिओपियात वोंजीला पहिला आधुनिक साखर कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला. तो एका डच कंपनीचा. इंडोनेशियातला धंदा आवरून ते लोक तिथे आले होते. मालक डच, उसाचं रान कंपनीचं, आणि स्थानिक माणसाच्या वाट्याला मुख्यतः ऊसतोड. १९७५ नंतर कारखाना सरकारी झाला. पुढे भारताच्या एक्झिम बँकेने साखरेसाठीच इथिओपियाला ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, वोंजी, फिन्चा आणि तेंदाहोसाठी.

चार वर्षांच्या अंतराने दोन देशांत साखर सुरू झाली. एकीकडे शेतकरी सभासद म्हणून आत गेला, दुसरीकडे मजूर म्हणून. सहकारी कारखान्यांचं पुढे काय काय झालं, कोण कसे त्यांच्यावर बसले, हे मला माहीत आहे, नगर जिल्ह्यातला माणूस समोर असताना ते विसरणं शक्यही नाही. पण सुरुवातीला कागदावर कोणाचं नाव कोणत्या रकान्यात लिहिलं गेलं, याला किंमत आहे. सभासदाला निदान वार्षिक सभेत उठून उभं राहता येतं.

रकाना अजिबातच नसला तर काय होतं, ते गांबेलात दिसलं. इथिओपियाच्या पश्चिम टोकाचा हा सखल, ओला प्रदेश. जगात २००८ मध्ये धान्याचे भाव भडकले आणि सगळीकडून गुंतवणूकदार आफ्रिकेत जमीन शोधत निघाले, त्यात बेंगळुरूची करुतुरी ही गुलाबाची कंपनीही होती. सरकारने तिला गांबेलात एक लाख हेक्टर भाडेपट्ट्याने दिले, आणखी मिळण्याची आशाही दाखवली. कागदांत ती जमीन पडीक होती. तिथल्या अनुआक आणि नुएर लोकांना ती चराईची, मासेमारीची, फिरत्या शेतीची म्हणून ठाऊक होती. २०११ मध्ये बारो नदीला पूर आला आणि कंपनीचा मका पाण्यात गेला. नदीकाठचा माणूस बोलावून विचारलं असतं तर पाणी कुठवर चढतं हे त्याने काठी रोवून दाखवलं असतं. ठरलेल्या जमिनीचा अगदी लहान भागच लागवडीखाली आला, आणि २०१५ च्या डिसेंबरात सरकारने करार रद्द केला. कंपनी भारतीय, रान आफ्रिकेतलं, कर्ज देणाऱ्या बँका दोन्हीकडच्या, आणि जे तिथेच राहणार होते त्यांच्या नुकसानीचं मोजमाप मला या कागदांत कुठे दिसलं नाही. हे वाचताना मला राग आला. आपण यंत्रं विकायला निघालो आहोत, आणि आपल्याच देशाचं नाव तिथे कुणाच्या तोंडी कसं येत असेल, हे मनात आलं.

बाबांना मी हे सगळं थोडंथोडं सांगत असे. एका शनिवारी ते म्हणाले, ‘अहवाल खूप झाले, बाजारात चल.’

चाकणचा महात्मा फुले बाजार शनिवारी भरतो तेव्हा तळेगाव चौकातली वाहनांची कोंडी आणखी घट्ट होते. बैलबाजार, शेळ्या, मिरचीचे ढीग, आणि कांद्याच्या गोण्या. लिलाव पुकारणारा एका वक्कलीपासून दुसऱ्या वक्कलीकडे जातो, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. एकजण गोणी फोडतो, मुठीने चार कांदे काढतो, एक दाबतो, दुसऱ्याची पात झटकतो, मान दाबून बघतो, वासही घेतो. बोली वर जाते किंवा जात नाही, आणि काही क्षणांत चार महिन्यांच्या मेहनतीचा आकडा पट्टीवर लिहिला जातो. त्यातून हमाली, तोलाई, वाहतूक वजा. बाबा त्या दिवशी पट्टी खिशात ठेवून माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘तुझ्या त्या देशात हे कसं करतात, ते विचार.’

मी विचारलं. तिथे २००८ च्या एप्रिलमध्ये आदिस अबाबात एक वस्तू-विनिमय बाजार सुरू झाला. एलेनी गेब्रे-मेधीन या अर्थतज्ज्ञ बाईंनी तो उभा केला. माल गोदामात द्यायचा, तिथे त्याची प्रत ठरते, पावती मिळते आणि व्यवहार पावतीवर होतो, भाव गावोगावच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर झळकतात. मका आणि गव्हासाठी म्हणून तो काढला, पण जोर धरला तो कॉफी आणि तिळाने, म्हणजे निर्यातीच्या मालाने. टेफ विकणारा लहान शेतकरी आजही गावच्या आठवडी बाजारातच जातो, गोणी फोडून मूठभर दाणे दाखवतो. बाबांना हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही.

पण त्या दिवशीच्या परतीच्या वाटेत त्यांनी १९८० ची गोष्ट सांगितली. तेव्हा ते पाचवीत होते, आजोबा मोर्चात होते. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून शरद जोशी आंबेठाणला, म्हणजे चाकणपासून हाकेच्या अंतरावर, कोरडवाहू जमीन घेऊन राहिले. स्वतः शेती करून पाहिली, हिशेब मांडला, आणि १९७८ मध्ये याच चाकणच्या बाजारात कांद्याच्या भावाचं आंदोलन उभं राहिलं. पुढच्या वर्षी शेतकरी संघटना झाली. १९८० च्या जानेवारीत भामा नदीच्या खोऱ्यातल्या बायामाणसांनी तिथल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत पायी मोर्चा काढला. जोशींचं म्हणणं थोडक्यात हे होतं की शेतकरी गरीब आहे तो आळशीपणाने नाही, त्याच्या मालाला भाव मिळू न देणाऱ्या धोरणाने. नियोजन करणाऱ्यांनी शहराला आणि कारखान्याला स्वस्त धान्य पुरवायचं ठरवलं आणि त्याची किंमत शेतकऱ्याकडून वसूल केली.

पिंपरी-चिंचवड हे तर नियोजनाचंच अपत्य. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीला निघाला, मग १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड, आणि पुढे चाकण. परदेशी संस्थेची मदत, सरकारी जमीन, कारखाना, हेच सूत्र आज बुलबुलात आहे. मी त्या कारखान्यांच्या विरोधात नाही, माझा पगार त्यांतूनच येतो. पण याच रस्त्यावर, याच शहराच्या शेजारी, शेतकऱ्यांनी उभं राहून जे विचारलं होतं, ते आमच्या डिप्लोमाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मला ते इथिओपियाच्या निमित्ताने शिकावं लागलं.

आणि प्रश्न जुना झालेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण ४० टक्के शुल्क लावून. ज्या महिन्यात तिकडून चौकशी आली, त्याच महिन्यात बाबा या शुल्काचा हिशेब करत होते. आणि इथिओपियाच्या सरकारनेही २००६ मध्ये टेफ धान्याच्या निर्यातीवर बंदी घातली, शहरातल्या माणसाची इंजेरा महागू नये म्हणून. इंजेरा म्हणजे टेफच्या आंबवलेल्या पिठाचं आपल्या घावनासारखं मोठं धिरडं, तिथलं रोजचं जेवण. युरोप-अमेरिकेत टेफला ग्लुटेन नसलेलं धान्य म्हणून भाव चढत गेला आणि पिकवणाऱ्याला तो दिसायचाही बंद झाला. २०१५ नंतर मोठ्या व्यापारी शेतांना थोडी सूट मिळाली. शहराचं पोट भरलंच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण दोन्ही देशांत ते स्वस्तात भरण्याचा भार प्रत्येक वेळी एकाच माणसावर का, याचं सरळ उत्तर मला कुठल्याच योजनेत सापडलं नाही.

मध्यंतरी त्या विद्यार्थ्याने गावाहून आलेली टेफची लहान पिशवी आणून दिली. तळहातावर घेतलं आणि मी बघतच राहिले. जेमतेम मिलिमीटरभराचे तपकिरी दाणे, बोटांच्या रेषांत जाऊन बसणारे. गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात असे सुमारे दीडशे बसतात. आमच्या शॉपफ्लोअरवरच्या मामांनी, जे तीस वर्षं पंचिंग करतायत, एक चिमूट कागदावर पसरली, भिंगातून पाहिली आणि म्हणाले, ‘पोरी, हे उपणायचं की हुंगायचं?’ मूठभर टेफवर चाचणी होत नाही, म्हणून चाकणच्या किराणा दुकानातून राजगिरा आणला. तो टेफहून थोडा मोठा, पण हलकेपणात जवळचा. गव्हासाठी लावलेल्या वाऱ्यावर ब्लोअर चालू केला तर राजगिरा भुशाबरोबर शेडच्या दारापर्यंत गेला. मामांनी हवेचं शटर जवळजवळ बंद केलं, चाळणीचा उतार कमी केला, खालची जाळी बदलून बारीक छिद्रांची लावली. मग छिद्रं भरून जाऊ लागली. त्यावर त्यांनी जाळीखाली रबराचे लहान चेंडू सोडले, जाळी हलली की ते उसळून छिद्रं मोकळी करतात. शेवटी विद्यार्थ्याचं मूठभर टेफ, त्यात मुद्दाम मिसळलेली बारीक वाळू आणि भुसा, यंत्रातून घातलं. खालच्या ट्रेमध्ये भुसा निघालेले दाणे पडले. वाळू मात्र बरीचशी तशीच राहिली, कारण तिचा आकार दाण्याएवढाच. टेफ खळ्यावर बैल फिरवून मळतात, म्हणून त्यात माती येते आणि बाजारात त्यावरून भाव तुटतो. मामा त्यासाठी वजनावर वेगळं करणारी तिरकी थाळी करून बघतायत.

हे यंत्र कोणाच्या मालकीचं असणार, हे मी आता दर देण्याआधी विचारलं. व्यवस्थापकांनी सविस्तर उत्तर दिलं. गावपातळीवरच्या प्राथमिक सहकारी संस्था, त्यांचा हा संघ. यंत्र संघाचं, क्विंटलमागे थोडी आकारणी, साफ झालेला माल सभासदाचाच. तो पार्कातल्या कारखान्याला द्यायचा, संघाला द्यायचा की बाजारात न्यायचा, ते सभासद ठरवणार. हे उत्तर मी साहेबांना वाचून दाखवलं. ‘मग दर दे,’ ते म्हणाले.

दर दिला आणि महिन्याभराच्या आत तो बाद झाला. २९ जुलै २०२४ ला इथिओपियाने आपलं चलन, बिर्र, बाजारावर सोडलं. डॉलरला ५७ च्या आसपास असलेला बिर्र बघता बघता शंभरापलीकडे गेला. आमच्या डॉलरमधल्या किमतीत एक पैसाही वाढला नव्हता, पण संघाला तेच यंत्र जवळपास दुप्पट महाग पडणार होतं. देशाने २०२३ च्या डिसेंबरात कर्जरोख्याचा हप्ता चुकवला होता आणि नाणेनिधीच्या कर्जासाठी हे पाऊल उचललं, असं वाचलं. याआधी तिथल्या आयातदाराला एलसीसाठी, म्हणजे आयातीच्या पतपत्रासाठी, बँकेत डॉलरच्या रांगेत महिनोन्‌महिने थांबावं लागे. आता डॉलर मिळेल, पण या भावाने. आदिसमध्ये घेतलेल्या एका निर्णयाने पूर्व शेवातल्या खळ्यावरची चाळण महाग झाली, आणि भोसरीत मामांनी केलेली मेहनत पडून राहिली. विकासाचं अर्थशास्त्र मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही मोठं यंत्र बाजूला ठेवलं. मोटरऐवजी हाताने आणि लहान इंजिनावरही चालणारं छोटं मॉडेल मांडलं, सांगाडा तिथेच वेल्डिंग करून घेता येईल असा केला, आणि चाळण्या, रबरी चेंडू, बेअरिंग तेवढी इथून. माल न्हावा-शेवाहून जिबुतीला, तिथून मोजोच्या सुक्या बंदरावर. त्याने वजन घटलं, भाडं घटलं, किंमत पहिल्याच्या निम्म्याखाली आली. संघाने दोन नमुने मागवलेत.

बाबांनी एक प्रश्न माझ्यामार्फत पाठवला होता. मळणीच्या दिवसांत टेफचा भाव किती पडतो आणि पावसाळ्यात किती चढतो? व्यवस्थापकांनी लिहिलं की फरक मोठा असतो, टेफ वर्षानुवर्षं टिकतं, किडत नाही, पण सभासदाला खताचं कर्ज फेडायचं असतं आणि संघाकडे माल धरून ठेवायला गोदाम अपुरं आहे. ते पत्र वाचून बाबांनी आमच्या कांदाचाळीचा फोटो काढायला लावला. टेफला चाळीची गरज नाही, त्याला कोरडी, उंदरांपासून राखलेली खोली हवी, हे मी त्यांना सांगितलं. तरी फोटो पाठव म्हणाले, मी पाठवला. पुढच्या पत्रात संघाने लहान गोदामासाठी पत्र्याच्या भिंती आणि छपराचा दर मागितला.

साहेब म्हणाले, गोदाम हा आपला धंदा नाही. मी म्हटलं, पत्रा तर आपलाच आहे ना. सोमवारी त्याचं कॉस्टिंग घेऊन बसतेय.